धवलारिणीचा घसा

माझ्या सासूबाईंचा आवाज बिघडला तेव्हा गावाने त्याचं कौतुक केलं. आता लिहिताना मला त्याचं हसू येतं आणि लगेच रागही येतो.

आमचं घर करावे गावात, खाडीच्या अंगाला. सासूबाई धवलारीण. आगरी-कोळ्यांच्या लग्नात भटजी येतात, मंगलाष्टकं म्हणतात आणि दुसऱ्या लग्नाची वेळ गाठायला पळतात. पण मांडव उभा राहिल्यापासून हळद उतरेपर्यंतचं खरं लग्न लावते ती धवलारीण. ती गाऊन देवांना बोलावते. गावदेवीला, खाडीला, घरातल्या गेलेल्या माणसांना, सगळ्यांना एकेक करून लग्नाला या म्हणते, आणि तिने हाक मारल्याशिवाय कोणी आलं असं धरत नाहीत. या गाण्यांना धवला म्हणतात. सासरे गेल्यावरही सासूबाईंचा हा मान कोणी काढून घेतला नाही. विधवेला हळदीच्या पाटापाशी बसवणारं हे गाव मला पहिल्याच वर्षी आवडलं होतं.

मी साताऱ्याकडची, शाळेत भूगोल शिकवते. लग्न होऊन आले तेव्हा मला सासूबाईंची बोली कळायची नाही आणि त्यांना माझी कळायची पण आवडायची नाही. मी 'पाणी' म्हटलं की त्या 'पानी' आणून देत आणि वर हसत. आमची दिलजमाई झाली ती धवल्यामुळेच. मला त्यातलं निम्मं कळत नव्हतं, तरी त्या गायला लागल्या की मी हातातलं काम सोडून बसायची.

त्यांची एक रीत होती. बाकीच्या धवलारिणी नवरीच्या बाजूला बसून म्हणतात. सासूबाई नवरीच्या समोर बसत, हळदीच्या बोटांनी तिची हनुवटी धरत आणि तोंडासमोर तोंड आणून म्हणत. नवरीला गाणाऱ्या बाईचा श्वास लागला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. बाहेर लावलेला डीजे कितीही बोंबलत असो, त्या हातभर जागेत फक्त त्यांचाच आवाज असायचा. कित्येक पोरी तिथे रडायला लागायच्या आणि मग सासूबाई गाता गाताच त्यांचे डोळे पुसायच्या.

त्या वर्षी तुळशीचं लग्न झालं, सराई सुरू झाली, आणि सासूबाईंचा आवाज बसला. त्यात कोणाला काही नवल वाटलं नाही. लग्नसराईत धवलारिणीचा आवाज बसायचाच. खडीसाखर झाली, ज्येष्ठमध झालं, सुंठ-गूळ झाला. सुंठीवाचून खोकला गेला असं लोक म्हणतात. आमच्याकडे सुंठ संपली आणि खोकला तसाच राहिला. पण खोकला अगदी बारीक होता, आणि आवाज मात्र रुंद, खरखरीत, जुन्या बायकांसारखा झाला होता. गावात अशी समजूत आहे की धवलारिणीचा गळा उतारवयात एकदा फुटतो आणि मग पिकतो. पिकलेला गळा म्हणजे देवाने दिलेली पावती. त्यामुळे ज्या त्या मांडवात बायका म्हणायच्या, आजीचा गळा पिकला. सासूबाई वरवर लाजायच्या, पण खूश होत्या. त्यांना आमंत्रणं वाढली. माघात माझ्या लेकीचा साखरपुडा झाला, जासईच्या मुलाशी, तेव्हाही त्या त्याच आवाजात गायल्या आणि मुलाकडच्या बायकांनी तोंडात बोटं घातली.

त्यांनी आपली पोलकी माझ्याकडे आणून दिली, बाह्या आत घ्यायला. वय झालं की माणूस वाळतंच, म्हणाल्या. मीही मशीन काढून शिवून दिली. शेवटी संशय आला तो बोंबलावरून. सुक्या बोंबलाची चटणी हा सासूबाईंचा जीव की प्राण. एका दुपारी त्यांनी पहिला घास गिळला आणि डोळ्यांतून पाणी काढलं. दुसरा घास त्यांनी घेतलाच नाही, ताट सरकवलं. या बाईने बोंबलाचं ताट सरकवलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाळेला दांडी मारून मी त्यांना घशाच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर तरुण मुलगी होती, बोलायला मोकळी. तिने नाकातून बारीक नळी घातली आणि समोरच्या पडद्यावर सासूबाईंचा गळा दाखवला. आत दोन पातळ पट्ट्या, लालभडक, जागोजागी सोललेल्या. आवाज यातूनच निघतो, डॉक्टर म्हणाली. सासूबाई पडद्याकडे बघत राहिल्या. आयुष्यभर जिच्या जोरावर मान मिळवला ती वस्तू त्या पहिल्यांदा बघत होत्या.

"एवराच हाय?" त्या म्हणाल्या.

मग छातीचा फोटो झाला. नंतर बेडका तपासायला द्यायचा होता. सिस्टरने डबी दिली आणि समजावायला सुरुवात केली, की थुंकी नको, आतून खोल खोकून काढायचं, बहुतेक लोकांना ते जमत नाही. सासूबाईंनी तिचं बोलणं पुरं होऊ दिलं नाही. मोकळ्या अंगणात जाऊन त्यांनी एक श्वास घेतला, पोटापर्यंत, आणि एका खोकल्यात डबी भरून आणली. एवढ्या आजारातही त्यांच्या चेहऱ्यावर 'बघ' असा भाव होता.

क्षय निघाला. फुप्फुसातला, तिथून वर चढून आवाजाच्या पेटीत बसलेला. डॉक्टरने नीट समजावलं. हा जंतूंचा आजार आहे, सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, एकही दिवस चुकवायचा नाही. घरातल्या सगळ्यांची तपासणी करायची. पहिले काही आठवडे वेगळ्या खोलीत, खिडक्या उघड्या ठेवून राहायचं. आणि बोलणं पूर्ण बंद, कुजबुजणंसुद्धा नाही, कारण कुजबुजताना त्या पट्ट्यांना जास्त त्रास होतो. सासूबाईंनी विचारलं की हा पसरतो कसा. खोकताना, बोलताना, डॉक्टर म्हणाली, आणि गाताना तर जास्तच.

सासूबाई गप्प झाल्या. मला वाटलं, बोलायचं नाही हे त्यांनी लगेच मनावर घेतलं. पण उठता उठता त्यांनी टेबलाची कड धरली.

"मंग ज्या पोरींच्या तोंडावर मी धवला म्हनला, त्यांचा काय?"

डॉक्टर म्हणाली, ज्यांना खोकला असेल, ताप येत असेल, वजन उतरत असेल, त्यांनी येऊन तपासून घ्यावं. सासूबाईंनी मान हलवली. त्या प्रश्नानंतर कित्येक आठवडे त्यांच्या तोंडून शब्द निघाला नाही.

सासूने बोलणं बंद केलं की सुनेला स्वर्ग मिळतो अशी एक समजूत आहे. मी अनुभवाने सांगते, ती खोटी आहे. सासूबाईंनी ताटली आणि चमचा जवळ ठेवला होता. पाणी हवं असलं की एक ठोका, मी चुकीचं काही करत असले की ठोक्यांचा सडा. भिंतीपलीकडून त्यांना फोडणी करपलेली कशी कळायची देव जाणे. गोळ्यांनी लघवी केशरी होते हे त्यांना आधी सांगायचं राहिलं, तर त्या मोरीतून बाहेर आल्या आणि ताटली अशी वाजवली की शेजारची बाई धावत आली. पण दुपारी घर शांत झालं की मला चैन पडायचं नाही. सबंध घर त्या आवाजावर उभं होतं, हे तो थांबल्यावर कळलं.

आमच्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या, लेकीचीही, आणि कोणात काही निघालं नाही. मी देवापुढे साखर ठेवली. मला वाटलं, संपलं. सासूबाईंच्या मते तेव्हा कुठे सुरुवात झाली होती.

त्यांना घराघरात जायचं होतं. ज्या ज्या मांडवात त्या सराईत गायल्या, त्या प्रत्येक घरी. हे त्यांनी हातवाऱ्यांनी सांगितलं. आपला गळा दाखवला, मग हनुवटी धरल्यासारखा हात केला, मग दाराकडे बोट. माझ्या नवऱ्याने कपाळाला हात लावला. हे तसे भले गृहस्थ, हार्डवेअरचं दुकान चालवतात आणि आईच्या शब्दाबाहेर जात नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी ठाम नकार दिला. पोरीचं लग्न वैशाखात धरलंय, म्हणाले. घरात क्षय आहे हे जासईला कळलं तर ते लोक मोडतील. झाकली मूठ सव्वा लाखाची. लग्न होऊ दे, मग सांगू. आणि मला खोटं बोलायचं नाही, माझं मनही त्यांच्याच बाजूला होतं. लेक नखं कुरतडत आजीकडे बघत राहिली.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या उठल्या, शोकेसपाशी गेल्या आणि साखरपुड्याच्या फोटोवर बोट ठेवलं. मुलाच्या आईच्या चेहऱ्यावर. सगळ्यांत पहिलं घर ते.

डॉक्टरने मास्क लावून, मोकळ्या हवेत, लांब उभं राहून भेटायला हरकत नाही म्हटल्यावर आम्ही दोघी जासईला निघालो. नवरा आला नाही. उरणच्या रस्त्याला कंटेनरच्या गाड्यांची ही रांग, धुळीने काचेतून दिसेना. मी वाटभर वाक्यं जुळवत होते. माझी भाषा तिथे परकी, आणि सांगायचं तर मलाच होतं. गाणारी बाई मुकी झाली आणि सांगायला निघाली कोण, तर गावाला जिच्या बोलण्याचं अजून हसू येतं ती.

सासूबाई अंगणात शेवग्याखाली उभ्या राहिल्या. खुर्ची आणली तर हाताने नको म्हणाल्या. मुलाची आई दारात आली. मी सांगितलं. जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही, जसं आलं तसं सांगितलं. आईंना क्षय झालाय, उपचार सुरू आहेत, साखरपुड्यात त्या तुमच्यात गायल्या, तुमच्या घरात कोणाला खोकला-ताप असेल तर तपासून घ्या. त्या बाईने एकच विचारलं, पोरीला आहे का. नाही, मी म्हटलं, तपासलंय. त्या आत गेल्या.

मग चहा आला. मला स्टीलच्या कपात आणि सासूबाईंना कागदाच्या कपात. माझ्या अंगाची लाही झाली. सासूबाईंनी तो कप घेतला, त्या घराकडे बघून जरा वर उचलला, पाठ फिरवून मास्क खाली करून चहा प्यायल्या आणि कप चुरगळून आपल्याच पिशवीत टाकला. त्यांच्या उकिरड्यातही ठेवला नाही. मी परतताना गाडीत त्या बाईला मनसोक्त शिव्या दिल्या, सातारी. सासूबाईंनी माझ्या मांडीवर थोपटलं, आणि गाव आलं तसं पुढच्या घराकडे बोट केलं.

जासईहून फोन आला नाही. आम्ही बाकीची घरं करत राहिलो. काही ठिकाणी पाणी मिळालं, काही ठिकाणी दार नुसतं अर्धं उघडलं. एका बाईने सासूबाईंच्या तोंडावर सांगितलं की आमच्या शुभकार्यात तुम्ही घाण करून गेलात. मी भांडायला तोंड उघडलं तर सासूबाईंनी माझं मनगट धरलं. त्या बाईपुढे त्यांनी हात जोडले आणि छातीचा फोटो काढायला इस्पितळाकडचा रस्ता हाताने दाखवला. धवल्याची आमंत्रणं अर्थातच बंद झाली. पलीकडच्या आळीतली एक बाई माईक लावून म्हणायला लागली आणि तिचा आवाज आमच्या ओटीपर्यंत यायचा. सासूबाई ऐकायच्या, आणि ती कुठे चुकली की ताटलीवर एक ठोका मारायच्या.

आमच्याच आळीत एक नवी सून आलेली होती, दिघ्याची पोर. तिच्या हळदीला सासूबाईच गायल्या होत्या. पोरगी खोकत होती आणि घरचे म्हणत होते, पाणी बदललंय, होतं असं. आम्ही सांगून आलो म्हणून तिला नेलं आणि क्षय निघाला. वेळेत निघाला, बरी होईल, डॉक्टर म्हणाली. कोणाचा कोणाला लागला हे असं सांगता येत नाही, हेही तिने बजावून सांगितलं. दिघ्यात काय, करावे गावात काय, हवा कोणाचं नाव लिहून येत नाही. सासूबाईंना ते पटलं नाही. त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि आवाज न करता रडल्या. रडतानासुद्धा त्यांनी गळा मोकळा केला नाही, डॉक्टरने सांगितलं होतं म्हणून. माणसाने शिस्त तरी किती पाळावी.

दुसऱ्या दिवसापासून एक नवीन प्रकार सुरू झाला. सकाळी सासूबाई ओट्यावर येऊन बसायच्या आणि गोळ्या वर धरून समोरच्या खिडकीकडे बघायच्या. खिडकीत ती पोरगी आपल्या गोळ्या धरून उभी असायची. मग दोघी एकदम गिळायच्या. पोरीला मळमळ व्हायची, ती तोंड वेडंवाकडं करायची, तर सासूबाई त्याहून वेडंवाकडं करून दाखवायच्या. तिने एकदा टाळाटाळ केली तेव्हा सासूबाई हात तसाच वर धरून उन्हात बसून राहिल्या, ती खिडकीत येईपर्यंत. मी शाळेत जाताना हे बघायची आणि मला वाटायचं, मी या बाईची सून आहे हे कोणाला तरी सांगावं.

आणि मग एका सकाळी जासईची विहीणबाई दारात उभी राहिली. न कळवता, एकटी. मी चहा टाकला. कागदाचे कप शोधावेत असं माझ्या मनात आलं होतं, पण सासूबाईंनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी मुकाट्याने स्टीलचा काढला. बाई म्हणाल्या, आमच्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या, सगळं ठीक आहे. मग म्हणाल्या, वैशाखात लग्न नको. नवऱ्याच्या हातातलं वर्तमानपत्र खाली गेलं. झालं, मी मनात म्हटलं, मोडलं.

"आजीच्या गोल्या संपू दे, मंग तारीख काडू," विहीणबाई म्हणाल्या. "धवला म्हनाला दुसरी कोन हाय? आमच्या दारात येऊन खरा सांगनारी बाय मना पायजे."

नवरा उठून मोरीत तोंड धुवायला गेला आणि बराच वेळ धूत राहिला. मी त्या बाईला दिलेल्या सगळ्या शिव्या मनातल्या मनात परत घेतल्या. कागदाच्या कपाची तेवढी ठेवली.

गोळ्या संपल्या, बेडका स्वच्छ आला, फोटो साफ आला. समोरची पोरगीही बरी होऊन अंगाने भरली. डॉक्टरने आधी बोलायला आणि मग हळूहळू गायला परवानगी दिली. परत आलेला आवाज पहिला नव्हता. खाली बरा चालायचा, वर चढताना तुटायचा. सासूबाईंनी तक्रार केली नाही. त्यांनी सगळे धवले खाली आणून बसवले, खाडीकडच्या भिंतीपाशी बसून, पुन्हा पुन्हा. तुळशीच्या लग्नानंतरची तारीख निघाली.

हळदीच्या सकाळी लेक पाटावर बसली. बायकांचा गराडा पडला, त्यात दिघ्याची पोरही होती. सासूबाई आल्या, आणि नवरीच्या समोर न बसता बाजूला, मांडवाच्या खांबापाशी बसल्या. पाठ जवळजवळ नवरीकडे, तोंड खाडीकडे. मी वाकून म्हटलं, आई, डॉक्टरने सांगितलंय, आता काही भीती नाही. त्या म्हणाल्या, मना ठावं हाय. आणि तशाच बसून राहिल्या. त्यांनी धवला सुरू केला. गावदेवीला हाक मारली, खाडीला मारली. आवाज जाडाभरडा, जमिनीलगत जाणारा, पण एकेक अक्षर जागच्या जागी. फक्त तो कोणाच्याही अंगावर जाऊ नये अशा बेताने त्या गात होत्या. मला ते बघवेना.

हळदीच्या पाटावरून नवरीने उठायचं नसतं. लेक उठली. बायका हां हां करायला लागल्या. ती सरळ खांबापाशी गेली, आजीसमोर मांडी घालून बसली आणि हळदीने माखलेल्या बोटांनी तिने आजीची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. सासूबाईंनी मान फिरवायचा प्रयत्न केला. पोरीने सोडलं नाही.

"आजी, इकडे बघून म्हण," ती म्हणाली. "मला तुझा श्वास लागला पाहिजे."

सासूबाई थांबल्या. त्यांचे डोळे गर्दीत दिघ्याच्या पोरीला शोधत होते. ती पुढे आली आणि नवरीच्या खांद्याला खांदा लावून बसली. मग सासूबाईंनी पोटापर्यंत एक श्वास घेतला आणि हातभर अंतरावरून, दोघींच्या तोंडासमोर, पुढची हाक मारली. ती घरातल्या गेलेल्या माणसांची होती, माझ्या सासऱ्यांपासून. वर चढताना आवाज तुटला तिथे त्या दोन पोरींनी तो उचलला, चुकीच्या सुरात, आणि सासूबाईंनी चूक दुरुस्त न करता पुढचं म्हटलं.

मांडव आवरताना मी ओला रुमाल घेऊन त्यांच्याकडे गेले. हनुवटीवर लेकीच्या बोटांची हळद तशीच होती, वाळून तडकलेली. त्यांनी माझा हात बाजूला केला आणि ती पुसू दिली नाही.